दोन चादरींएवढ्या जागेसाठी मेटल डिटेक्टर

हरवलेली वस्तू शोधण्याआधी ती कशाने शोधायची याचा सखोल विचार करणं, ही माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळं करणारी गोष्ट आहे. कुत्रं हाड पुरलेली जागा विसरलं, तर सरळ उकरायला लागतं. परीक्षणं वाचून तुलना करावी एवढी त्याची समज नसते. म्हणूनच कुत्र्यांची आजवर काही प्रगती झालेली नाही. (हाडं मात्र त्यांना सापडतात, हे मान्य करायला हवं.)

या गोष्टीतली धाकटी याबाबतीत माणूसजातीच्याही दोन पावलं पुढे होती. वय पंधरा, इयत्ता दहावी, आणि वक्तृत्व स्पर्धेत नुकताच दुसरा क्रमांक (स्पर्धक तीन). त्या दिवसापासून ती घरात शिरायची तेव्हा आधी तिचा आत्मविश्वास आत यायचा, मग ती. स्पर्धेला तिने ताईची सोन्याची कानातली घातली होती. ताईने ती पहिल्या पगारातून घेतली होती आणि स्वतः जेमतेम दोनदा वापरली होती. विचारायचं तेवढं राहून गेलं, कारण ताई नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी होती आणि तिचा फोन नंबर धाकटीला फक्त तोंडपाठ होता.

बक्षीस मिळाल्याच्या आनंदात धाकटीने इमारतीमागे, कपडे वाळत घालतात त्या जागेत, हातांवर एक गिरकी घेतली. गिरकी उत्तम झाली. उभी राहिली तेव्हा डावा कान रिकामा होता.

जागा केवढी, तर दोन चादरी अंथरल्या की संपली. गवत नाही, पाणी नाही, नुसती मोकळी माती. तिथे एकूण चार मिनिटं शोध घेण्यात आला. त्यातलं दीड मिनिट ‘सोनं कसं शोधावं’ हे फोनवर शोधण्यात गेलं. तेव्हा धाकटीला कळलं, की आतापर्यंत आपण अडाण्यासारखे वाकून बघत होतो. जगात याच्यासाठी यंत्र मिळतं.

ताई यायला चोवीस दिवस होते. म्हणजे भरपूर.

त्याच संध्याकाळी निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष धाकटी, सदस्य तिच्या बाकावरची मैत्रीण. पहिल्याच बैठकीत सदस्य म्हणाली, “अगं, खाली जाऊन दोघी मिळून नीट बघू या ना. अर्धा तास लागेल फार तर.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तर ताईला सांगून टाक.”

सदस्यांचं हे व्यक्तिगत मत नोंदवून घेण्यात आलं आणि कामकाज पुढे सुरू झालं.

प्रथम व्याख्या ठरल्या. ‘परवडणारं’ म्हणजे जे आईला न सांगता वाढदिवसाच्या साठवलेल्या पाकिटांतून येतं ते. ‘नवशिक्यांसाठी’ म्हणजे ज्याला बटणं तीन आणि माहितीपुस्तिका एकोणसाठ पानांची असते ते. या दोन्ही चाळण्यांतून सात मॉडेलं खाली उतरली. त्यांचा तक्ता करायला मोठा कागद हवा होता. जिन्याजवळच्या फळ्यावर एका बाजूने कोरा असलेला कागद आयताच मिळाला. टाचण्यांसकट.

तक्त्यात चौदा रकाने होते. सगळ्यात जास्त वाद खोलीवर झाला. एक यंत्र अठरा सेंटिमीटर खोलवरचं ओळखतं, दुसरं पंचवीस. कानातलं मातीच्या वर पडलं होतं, म्हणजे त्याची खोली शून्य. पण पंचवीस हा अठरापेक्षा मोठा आकडा आहे, याकडे दुर्लक्ष कसं करणार? मग खालची गोल तबकडी पाण्यात चालते की नाही, हा मुद्दा निघाला. त्या जागेत पाण्याचा एकमेव स्रोत म्हणजे न पिळलेली पँट. तरी ‘असू दे, पुढेमागे लागेल’ या तत्त्वावर जलरोधक तबकडीला तीन गुण जादा देण्यात आले.

यानंतर अभिप्रायांचा अभ्यास झाला. एकूण सहाशे बारा. त्यातल्या चाळीस टक्के लोकांनी खोक्याचं कौतुक केलं होतं आणि एकतीस टक्क्यांनी ते वेळेत आल्याचं. बावीस टक्क्यांनी यंत्र अजून उघडलं नव्हतं, पण पाच तारे देऊन ठेवले होते. सहा टक्क्यांना खिळे सापडले होते. उरलेल्या एका टक्क्याला काहीतरी सापडलं होतं. काय, ते त्यांनी सांगितलेलं नाही. (शहाणी माणसं.) एका बाईंनी लिहिलं होतं, “अंगठी हरवली म्हणून मागवलं. येईपर्यंत अंगणात झाडू मारला, अंगठी मिळाली. यंत्र चांगलं असावं.” यातलं शेवटचं वाक्य धाकटीने अधोरेखित केलं.

त्रेचाळीस व्हिडिओ पाहून झाले. आईने दारातून डोकावून बघितलं. “दहावीच्या वर्षात तुला एवढं मान मोडून बसलेलं पहिल्यांदा बघतेय.”

“प्रकल्प आहे.”

“कशावर?”

“विज्ञानावर.”

“बरं बाई. दूध पिऊन घे,” आई म्हणाली आणि कपड्यांची बादली घेऊन खाली गेली, त्याच जागेत.

ताईचा दर रविवारी फोन यायचा. रविवार तीन, फोन तीन, सांगण्याचे प्रयत्न शून्य. दुसऱ्या फोनच्या वेळी शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात ताई हसत म्हणाली, “काय गं, माझ्या खणाला हात नाही ना लावलास?” ती हे दरवेळी गमतीने विचारायची. धाकटीही हसली (कालावधी दोन सेकंद). फोन ठेवल्याबरोबर तिने तक्त्यात ‘बॅटरी किती तास टिकते’ हा पंधरावा रकाना वाढवला. बरं वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी एकमताने निवड झाली. (सदस्य गैरहजर. तिने मधल्या काळात अभ्यास सुरू केला होता.) बाविसाव्या दिवशी खोकं आलं. खोकं खरंच चांगलं होतं.

धाकटी यंत्र जोडून, हेडफोन लावून, तक्ता काखेत मारून खाली आली. मातीच्या जागी करकरीत कोबा होता. दोन चादरींएवढाच, पण सिमेंटचा. गवंडी त्याच्यावर पाणी मारत होता.

“काका, हे कधी केलंत?”

“काल. तीन आठवडे आधी नोटीस लावली होती की फळ्यावर. कुणीतरी काढून नेली म्हणे.”

धाकटीने तक्ता उलटा करून पाहिला. तारीख होती, वेळ होती, आणि ‘रहिवाशांनी आपापल्या वस्तू उचलून घ्याव्यात’ अशी नम्र विनंती होती.

“यावर चालता येईल?”

“चाल. नाचू नकोस.”

ती चालली. यंत्र इतकं सुरेख चाललं, की निवड समितीचा ऊर भरून यावा. एकूण अकरा ठिकाणी आवाज आला. प्रत्येक ठिकाणी तिने खडूने गोल काढला. गवंडी पाइप हातात धरून बघत राहिला. “त्यातले बरेचसे माझे खिळे असतील,” तो म्हणाला. “आणि वरची माती तर आम्ही खरवडून काढली. राडारोड्याबरोबर गेली.”

“कुठे गेली?”

“ट्रक जातो तिथे.”

चोविसाव्या दिवशी ताई आली. धाकटीने तिला बॅगही ठेवू दिली नाही; सरळ मागे नेलं, कोब्यावर उभं केलं, आणि अकरा गोलांच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. वक्तृत्वाचा काही उपयोग झाला नाही. वाक्यं तुटक आली, क्रमही चुकला. मग तिने ताईच्या कानांना हेडफोन लावले आणि तबकडी एका गोलावर धरली.

ताईने थोडा वेळ ऐकलं. मग हेडफोन काढले.

“मी तीन रविवार फोन केला.”

“हो.”

“पहिल्या रविवारी सांगितलं असतंस तर मी ओरडले असते. मग तू रडत खाली गेली असतीस, माती चाळली असतीस, आणि तुला सापडलं असतं.”

“पंचवीस सेंटिमीटरपर्यंत ओळखतं हे,” धाकटी म्हणाली.

ताईने बॅग उचलली आणि वर गेली. जिन्यात तिने मागे वळून बघितलं नाही. चार दिवसांनी ती नोकरीच्या गावी परत गेली; तेव्हापासून रविवारचा फोन ती आईच्याच नंबरवर करते, आणि खणाचं गमतीने विचारणं तिने बंद केलं आहे.

प्रकरण इमारतभर झालं. शेजारी, शिक्षक, दूधवाला मिळून बावीस जणांनी धाकटीला थांबवून चौकशी केली. ताई अजून बोलते का, असं विचारणारे एक. (ती मैत्रीण.) उरलेल्या एकवीस जणांचा प्रश्न होता, “पण शेवटी घेतलंस कोणतं?”

तुम्हालाही हे केव्हापासून विचारायचं आहे, याची निवड समितीला जाणीव आहे. मॉडेलचं नाव आणि पंधरा रकान्यांचा तक्ता मागणाऱ्याला मोफत मिळेल. अर्ज साध्या कागदावर करावा. त्यात दोनच गोष्टी लिहायच्या आहेत: तुमचं काय हरवलंय, आणि ते कुणाला सांगायचं टाळण्यासाठी तुम्ही हे शेवटपर्यंत वाचत बसलात.