जिभांची चौकशी समिती

सुषमाने वजनकाट्याच्या झोळीत बापूसाहेबांच्या नातीला ठेवलं, तेव्हा ते मुद्दाम पेपर तोंडासमोर धरून बसले होते. सुषमा गावची आशा सेविका. आकडा मोठ्याने सांगायची तिला सवय. "तीन किलो दोनशे," ती म्हणाली आणि मागच्या आठवड्याचा आकडाही तोच होता, हे न सांगता तिने वही मिटली. न सांगितलेलंच सगळ्यांनी नीट ऐकलं.

नात सात आठवड्यांची. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे सुनेच्या माहेरी, शिरूरला झालं होतं आणि पंधरा दिवसांपूर्वी स्नेहल लेकीला घेऊन पाटसजवळच्या मळ्यात परतली होती. पोरगी तास-तासभर छातीशी असे, मध्येच थकून डोळे मिटे, मग भुकेने पुन्हा रडे. स्नेहल पाजायला बसली की पदराचा बोळा दातांत धरून बसायची. भिंतीपलीकडे सासूबाईंना, पुतळाबाईंना ते कळत होतं. बापूसाहेबांनाही कळत होतं. पण त्यांच्या मते दोष शिरूरकरांच्या डिंकाच्या लाडवांचा होता. तसं ते बोलले नाहीत. नुसते व्याह्यांचा विषय निघाला की पानातला लाडू बाजूला सारत.

बापूसाहेब एकूणच कमी बोलत. साखर कारखान्यावर ते दोनदा संचालक होते आणि तिथे कमी बोलणारा माणूस खोल समजला जातो. सभेत बाकीचे तासभर बोलायचे, बापूसाहेब शेवटी चार शब्द टाकायचे. त्या चार शब्दांचा अर्थ काय, यावर लोक घरी जाईपर्यंत वाद घालायचे. दुसऱ्यांदा ते निवडून आले ते बहुधा त्या वादांवरच.

विक्रमने बायकोला आणि मुलीला दौंडला डॉक्टर अनुपमांकडे नेलं. त्यांनी आठवडाभर पाजण्याच्या निरनिराळ्या पद्धती करून पाहायला लावल्या. शेवटी बोटाने पोरीची जीभ उचलून विक्रमला दाखवली. जिभेखाली एक पातळ पडदा होता. त्याने जिभेचं टोक खाली जखडून ठेवलं होतं. जीभ पुढे येत नव्हती, म्हणून नीट पकड बसत नव्हती. असा पडदा बऱ्याच मुलांना असतो, सगळ्यांचा कापावा लागत नाही. पण हिचं वजन अडलंय, तेव्हा सोमवारी या, दोन मिनिटांचं काम आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की पुष्कळदा हे घराण्यात चालत आलेलं असतं.

विक्रमने घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. बापूसाहेबांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

"कुणाच्या घराण्यात?"

विक्रम म्हणाला, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. मग ते आधी ठरलं पाहिजे, असं बापूसाहेबांचं मत पडलं. कारखान्यावर त्यांची हीच रीत होती. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीची साखळी तुटो की उसाच्या वजनावरून तंटा होवो, ते नाही म्हणत नसत आणि होही म्हणत नसत. चौकशी समिती नेमत. दोन मुदतींत त्यांनी अकरा समित्या नेमल्या. त्यातल्या नऊ समित्यांचे अहवाल यायचे आहेत. आता बारावी समिती घरात बसली. अध्यक्ष बापूसाहेब, सदस्य पुतळाबाई, तज्ज्ञ म्हणून सुषमा. रविवारी सकाळी दहाला बैठक. शिरूरच्या व्याह्यांनी रक्ताच्या माणसांसह हजर राहून जिभा दाखवायच्या.

स्नेहल दाराआड उभी होती. सासऱ्यांशी ती फारसं बोलत नसे, त्या दिवशी बोलली. "आबा, कुणाकडनं आलं ते कळल्यावर हिला दूध ओढता येणार हाय का?"

"माहीत असलेलं बरं," बापूसाहेब म्हणाले. हेही चारच्या आतले शब्द होते.

शनिवारी सकाळी मोरीजवळच्या आरशासमोर दाढी करता करता त्यांच्या मनात आलं, अध्यक्षाला तपासणीची पद्धत ठाऊक पाहिजे. म्हणून त्यांनी स्वतःची जीभ बाहेर काढली. ती खालच्या दातांपर्यंत आली आणि थांबली. त्यांनी जोर लावला. जीभ पुढे आली नाही. उलट टोकाला मधोमध खाच पडून तिचं आपट्याचं पान झालं. वर उचलायला गेले, तर खाली सुतळीसारखा ताठ पडदा.

दाढीचा फेस वाळेपर्यंत ते तसेच उभे राहिले. त्रेसष्ट वर्षं ही जीभ त्यांच्या तोंडात होती आणि सगळ्यांची अशीच असते, अशी त्यांची समजूत होती. कळणार तरी कसं? माणूस दुसऱ्याचं शेत बघतो, जनावर बघतो, पोरीसाठी स्थळ बघतो. दुसऱ्याची जीभ कोण बघतो? आता एकेक गोष्ट जुळू लागली. कुल्फी ते बशीत काढून चमच्याने खात, त्याला लोक साहेबी थाट म्हणायचे. दाढेत अडकलेली सुपारी जिभेने कधी निघाली नाही, म्हणून खिशात कायम काडी. आणि ते थोडकं बोलणं. सगळा तालुका ज्याला खोली समजत होता, तिचा तळ दोन बोटांवर होता.

त्यांनी घाईने फेस पुसला आणि शिरूरला फोन लावला. व्याही तात्याबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आवाज फोनशिवायही पोचेल असा. बापूसाहेबांनी सांगितलं, उद्या राहू द्या, ऊसतोडीची टोळी आलीय, घरात गडबड आहे. तात्याबा म्हणाले, मग मदतीला माणसं जास्त आणतो. बापूसाहेबांनी अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून वाटेत न्हावरे गावाजवळ रस्त्याचं काम चाललंय, खोळंबा होईल, असं कळवलं. तात्याबा म्हणाले, मग तासभर आधी निघतो. तिसरा फोन बापूसाहेबांनी केला नाही. दोन फोनांत चौघांचे नऊ झाले होते आणि दहाचे नऊ वाजले होते.

रविवारी नऊ माणसं अंगणात सतरंजीवर ओळीने बसली. तात्याबांच्या चेहऱ्यावर अपमान स्पष्ट होता; पण लेकीच्या सासरी तो दाखवायचा नाही म्हणून त्यांनी जीभ तेवढी दाखवली. ती थेट हनुवटीला टेकली. सुषमाने मोबाइलची बॅटरी मारून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघितलं आणि वहीत बरोबरची खूण केली. विहीणबाई चांगुणा व्याह्यांसमोर तोंड उघडून बसायला तयार नव्हत्या. सुषमाने त्यांची जीभ पदराआड पाहिली. स्नेहलच्या धाकट्या चुलत्यांच्या पुढच्या दातांत फट होती. वरचा ओठ उचलून सुषमा म्हणाली, हा ओठाचा पडदा आहे, दोन दातांच्या मध्ये उतरलाय, पण आपल्या चौकशीचा विषय जिभेचा. नऊ जणांत आपल्याकडे काहीतरी निघालं, यावर चुलते खूश झाले.

नऊ जणांत एकही अडकलेली जीभ सापडली नाही. तात्याबांनी सतरंजीवर मांडी बदलली.

"आता तुमच्याकडचं बघू."

विक्रमची जीभ मोकळी निघाली. पुतळाबाईंनी कुणी सांगायच्या आत दाखवली, तीही मोकळी. मग सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. बापूसाहेबांनी घसा साफ केला. "अध्यक्षाची तपासणी नसते."

"बरोबर हाय, दादा," तात्याबा म्हणाले. "पण अध्यक्ष घराण्यातलंच हायत नव्हं?"

आयुष्यभर अशा वेळी बापूसाहेबांना गप्प बसणं पुरलं होतं. आज पुरेना. अठरा डोळे त्यांच्या मिशीखाली लागले होते. पुतळाबाई मात्र त्यांच्याकडे न बघता पायाच्या अंगठ्याने सतरंजीचं टोक सारखं करत होत्या.

तेवढ्यात घरातून रडणं आलं. भुकेलं पोर जोरात रडतं. हे तसं नव्हतं. बारीक होतं, मध्ये मध्ये थांबत होतं, रडायलाही कंटाळल्यासारखं. स्नेहल मुलीला घेऊन बाहेर आली. सासऱ्यांकडे, बापाकडे, कुणाकडेही न बघता ती सुषमासमोर उभी राहिली. "वजन कर," म्हणाली.

सुषमाने झोळी लावली. काटा स्थिर झाला. या खेपेला ती मोठ्याने बोलली नाही, म्हणून तात्याबांनीच वाकून वाचलं. तीन किलो एकशे चाळीस.

"इक्रम, गाडी काढ," बापूसाहेब म्हणाले. "सोमवार-बिमवार काय न्हाई. आत्ता."

ते उठलेही. त्या उठण्यात नातीची काळजी किती आणि सतरंजीवरून पळ काढणं किती, हे त्यांना स्वतःलाही वेगळं करून दाखवता आलं नसतं. विक्रमने फोन केला. रविवार असूनही डॉक्टर अनुपमांनी बारापर्यंत यायला सांगितलं. समिती, साक्षीदार, तज्ज्ञ, सगळे दोन गाड्यांत भरून दौंडला निघाले.

काम खरंच दोन मिनिटांचं निघालं. दारापर्यंत पोरीचा एक हंबरडा आला, पाठोपाठ चांगुणाबाईंचा हुंदका, मग काहीच नाही. डॉक्टरांनी लगेच पाजायला दिलं. पडद्याआड स्नेहल बोळा दातांत धरून दुखायची वाट बघत बसली. बाहेर बाकड्यावर सगळे कान देऊन बसले. मग गिळल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग लागोपाठ. पुतळाबाई आत जाऊन आल्या. "दुखतंय म्हणली," त्यांनी सांगितलं, "पर कालच्यासारखं न्हाई." आणि डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का?

बापूसाहेब भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघू लागले. तात्याबांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडावरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही, हे ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

"आमच्याकडंच लिवा, मॅडम," तात्याबा म्हणाले. आज त्यांचा आवाज प्रथमच बेताचा होता. "आमचं खानदान मोठं. आसंल कुणाचंतरी."

डॉक्टरांनी पेन टेकवलं. बापूसाहेबांना सकाळची सतरंजी आठवली, पदराआड तोंड उघडणाऱ्या विहीणबाई आठवल्या. आज घरातून निघताना त्यांची स्वतःची सुटका झाली होती. आता दुसऱ्यांदा होत होती आणि ती त्यांच्या घशाखाली उतरेना. ते उठले, डॉक्टरांच्या टेबलापुढे गेले आणि अंगठ्याने मिशी वर सारून त्यांनी तोंड उघडलं. अध्यक्षांची जीभ सगळ्यांसमोर खालच्या दातांपर्यंत आली आणि थांबली.

डॉक्टर म्हणाल्या, अगदी हेच. त्यांनी लिहून घेतलं.

"मला ठावंच व्हतं," पुतळाबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "लगीन झालं तवापास्नं."

मग सांगितलं का नाहीस, असं बापूसाहेबांनी विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं की तुम्ही कधी विचारलंच नाही. मग बापूसाहेबांनी खालच्या आवाजात डॉक्टरांना विचारलं, या वयात कापता येतं का? येतं, डॉक्टर म्हणाल्या, पण तुम्हाला त्रास काय होतो? बापूसाहेब विचारात पडले. खाणंपिणं व्यवस्थित. झोप व्यवस्थित. त्रास म्हणावा असं काही तोंडावर येईना.

परतीच्या गाडीत ते पुढे बसले होते. पाटसचा फाटा अजून लांब होता. विचारल्याशिवायच त्यांनी सुरुवात केली. तिसरीत असताना गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं होतं. दुसऱ्या ओळीला जीभ अडकली, वर्ग हसला, गुरुजीही हसले. खाली बसताना ठरवलं, आता बोलायचंच नाही. आई म्हणायची, माझं पोरगं शहाणं, उगी बडबडत न्हाई. मग शहाणं म्हणवून घेता घेता कारखान्यापर्यंत गेलो. सभेत सांगायचं पुष्कळ असायचं, पण लांब वाक्य आलं की ती दुसरी ओळ आठवायची, म्हणून समिती नेमायचो. ते सांगत राहिले. तोडणीच्या टोळ्यांचं सांगितलं, गव्हाणीच्या साखळीचं सांगितलं, त्या नऊ अहवालांतली खरी गोष्ट काय होती तेही सांगितलं. शब्द मध्ये मध्ये अडखळत होते, पण थांबत नव्हते. विक्रमने गाडीचा वेग कमी केला. तात्याबा, ज्यांच्या आवाजापुढे आजवर कुणाचं चाललं नव्हतं, तोंड उघडायची संधी शोधत शोधत झोपून गेले.

मागच्या सीटवर पोरगी पोटभर पिऊन स्नेहलच्या मांडीवर पसरली होती. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता.

"आबा," स्नेहल हळूच म्हणाली, "जरा बारीक आवाजात. झोपलीया ती."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना आवाज कमी करायला सांगत होतं. बापूसाहेबांनी मान डोलावली, आवाज खाली आणला आणि पुढची हकिगत सुरू केली.