साडूचं कोरं टायर

साडूने नेलेली जीप परत आली ती धुऊन-पुसून, आणि वर मागच्या स्टेपनीला कोरं करकरीत टायर चढवून. तपासनिसांची झोप उडायला एवढं पुरेसं होतं. गोदामात येणारा माल तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. घरी, दारी, सासरी सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. खोकं जितकं देखणं तितका आतला माल कुजका, हा त्यांचा अनुभव. आणि हे तर खडकाळ रस्त्यांवर चालणारं, तळहाताएवढ्या गुठळ्यांचं दांडगं टायर होतं.

"फुटलं आपलं साधं. मग साधंच द्यायचं ना भरून?"

"चांगला माणूस आहे, म्हणून दिलं चांगलं," बायको म्हणाली.

"तेच विचारतोय मी. का?"

बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली. "हे बघा. गेल्या वर्षी भावोजींनी दिलेलं घड्याळ तुम्ही त्यांच्यादेखत उघडून आत मशीन जुनं आहे का ते बघितलंत. तेव्हापासून बहीण माझ्याशी बोलत नव्हती. जीप देऊन कसंबसं जुळवून आणलंय मी. आज दोघं जेवायला येतायत. आज काही म्हणजे काही उघडायचं नाही."

"नाही उघडत," तपासनीस म्हणाले. बायको भाजीला गेली आणि फाटक लागायच्या आत त्यांनी स्टेपनी खाली उतरवली. उघडायचं नव्हतंच, नुसतं आत डोकावून ठिगळबिगळ आहे का पाहायचं आणि होतं तसं बसवून टाकायचं.

हवा सोडली. टायर होतं तसंच फुगून बसलं. त्याच्या कडा रिमला अशा चिकटल्या होत्या की हवा आहे की नाही याची त्यांना खबरच नव्हती. तपासनिसांनी पायाने दाबलं, टाचेने हाणलं, मग वर चढून उड्या मारल्या. कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या ड्रिलमास्तरांचं डोकं वर आलं.

"पंक्चर का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही."

"काही नाही तर नाचताय कशाला?"

एरवी हा माणूस साधं 'काय, कसं काय' विचारत नाही, आजच कसा उगवला, असं तपासनिसांच्या मनात आलंच. पण मास्तरांचं वजन दांडगं होतं आणि गरज मोठी होती. मास्तर भिंतीवरून आले आणि टायरवर उभे राहिले. टायरने दाद दिली नाही.

"एवढं घट्ट कोण बसवतं हो मास्तर? काहीतरी लपवायचं असलं तरच ना?"

शेवटी तपासनिसांनी टायर जीपच्या मागच्या बंपरखाली सरकवलं, रिमला लागून त्याच्यावर जॅक उभा केला आणि दांडा मारायला सुरुवात केली. जीपचं बूड वर उठायला लागलं. आणखी उठलं. मास्तर दोन पावलं मागे सरले. मग 'धाड' असा आवाज झाला आणि कड रिमवरून सुटली. टायर पालथं करून तोच प्रयोग दुसऱ्या बाजूला झाला.

आता ती कड रिमच्या बाहेर खेचायची होती. त्यासाठी जॅकचा दांडा, जुना स्क्रूड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातला कालथा कामाला लागले. भांड्यांच्या साबणाचं पाणी ओतलं. मास्तर एका बाजूला उभं राहून कड रिमच्या खोलगट भागात दाबायचे, तपासनीस समोरून उचकटायचे. एकीकडून बाहेर आलेली कड दुसरीकडून गुपचूप आत जायची. कालथा वाकला, सरळ केला, उलटा वाकला. मास्तर सवयीने "एक, दोन! एक, दोन!" ओरडत होते. घामाने आणि साबणाने दोघं न्हाऊन निघाले तेव्हा कुठे टायर सुटलं.

तपासनिसांनी बॅटरी आत मारली. आत काळंभोर, स्वच्छ, नव्या रबराचा वास येणारं टायर होतं. ठिगळ नाही, टाका नाही, चीर नाही.

"काही सापडलं?"

"नाही."

"मग बरंच की!"

"तुम्हाला कळत नाही, मास्तर. काहीच न सापडणं ही फार पुढची हुशारी असते."

पण टायर परत चढेना. अर्धं चढलं आणि तिथेच तिरकं अडकून बसलं. एवढ्यात फाटक वाजलं. बायको उभी होती, मागे तिची बहीण आणि साडू. कोपऱ्यावरच भेट झाली असावी, कारण दोघी बहिणी हसत येत होत्या. टायर पाहिलं आणि दोघींचं हसू एकदम थांबलं. मास्तर आल्या वाटेने भिंतीपलीकडे गेले.

वर्षभर संध्याकाळी फोनकडे बघत बसणारी बायको तपासनिसांना आठवली आणि त्यांना खरोखर लाज वाटली. त्या टायरमध्ये शिरून बसावंसं वाटलं.

साडू सावकाश पुढे आला. टायरपाशी उकिडवा बसला आणि त्याने आत हात घालून सगळीकडून फिरवला.

"ठिगळ?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"आतल्या तारा?"

"धड दिसतायत."

"कधी बनलंय ते बाहेर कोरलेलं असतं. बघितलंत?"

"ते राहिलंच!"

"मग दादा, काय तपासलंत तुम्ही? मला त्या दुकानदाराचा पहिल्यापासून वहीम होता. अहो, टायर विकताना इतकं हसतं का कोणी? तिथेच उघडायला लावणार होतो, पण ही होती बरोबर. परवा त्याच्याकडूनच घेतलेलं माझ्या गाडीचं काढायला गेलो तर निघालंच नाही, उलट हे झालं." त्याने काळंनिळं पडलेलं नख दाखवलं. "तुम्ही हाताने काढलंत? कमाल आहे!"

"जॅक लावला," तपासनीस लाजून म्हणाले. "बसा, दाखवतो."

दोघं मांडीला मांडी लावून साबणाच्या पाण्यात बसले. एकाने बॅटरी धरली, दुसऱ्याने डोकं आत घातलं. आतून घुमणाऱ्या आवाजात काहीतरी बोलणं झालं आणि दोघं खदखदून हसले. साडूने तपासनिसांच्या पाठीवर थाप मारली.

दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून हे बघत होत्या. बायकोने वर्षभर हेच व्हावं म्हणून जीव टाकला होता. पण तिच्या कपाळावर आठी पडली.

"ताई, हे दोघं एवढे गोड कधीपासून झाले गं?"

"तेच बघतेय मी."

"काहीतरी शिजतंय."

"शिजतंयच," बायको म्हणाली आणि तिने हात लांबवून गॅस बंद केला. "तू पुढच्या दाराने जा, मी मागून येते. काय लपवतायत ते कळल्याशिवाय आज पानं वाढायची नाहीत."