नऊ नंबरच्या हुकाचं प्रकरण

"मी ज्या गुन्ह्याला हात घालतो, तो गुन्हा आपण होऊन हात वर करतो," असं भाऊजी भेटेल त्याला सांगत. आजवर त्यांनी हात घातलेले गुन्हे दोन. त्यातला एक हरवलेल्या चपलेचा होता, आणि ती चप्पल त्यांच्याच पायात निघाली.

मेहुण्याला हे सगळं पाठ होतं. त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागची खोली भाऊजींनी तीन वर्षांपूर्वी 'आठवडाभरासाठी' आपल्या हेरगिरीची कचेरी म्हणून घेतली होती. तेव्हापासून गिऱ्हाइकांची घड्याळं त्याच्या पलंगाखाली टिकटिकत होती. शेवटी त्याच्या बहिणीनेच, म्हणजे भाऊजींच्या बायकोनेच, निवाडा दिला: हे तिसरं प्रकरण सुटलं नाही, तर खोली रिकामी. मेहुणा मदतनीस म्हणून सोबत निघाला खरा, पण भाऊजींच्या अपयशासाठी देव पाण्यात घालूनच.

प्रकरण असं: एका जुन्या व्यापारी इमारतीत बिअर तिथेच बनवून विकणारा पब निघत होता. मालकाला उद्घाटनाआधी इमारतीचा इतिहास हवा होता, भिंतीवर लावायला, आणि तो शोधायचं काम त्याने भाऊजींना दिलं होतं. "खरा असू दे, पण जरा जोरदार," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावर तुळईला ओळीने लोखंडी हुक होते, एक ते सतरा आकडे घातलेले. नऊ नंबरचा हुक मात्र गायब, नुसती दोन भोकं.

"खाटीकखाना," भाऊजी म्हणाले.

"जनावरं जिना चढून यायची?"

"मग चोरट्या दारूवाल्यांची टोळी. सतरा जण, सतरा बंदुका. नऊ नंबर फितूर झाला. त्याला इथंच संपवला आणि पुरावा नको म्हणून हुकही उपटला."

"माणूस मारल्यावर हुक कशाला लपवतील?"

"म्हणूनच तू घड्याळं दुरुस्त करतोस."

कोपऱ्यातल्या मोरीत एक मावशी नवे ग्लास धूत होत्या. "अहो, ही बटणांची वखार होती," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं बटणं निवडली मी इथं. उंदीर फार, म्हणून जेवणाच्या पिशव्या वर टांगायचो. पिशव्यांवरून भांडणं व्हायची, म्हणून नंबर."

"आणि नऊ नंबर?" मेहुण्याने विचारलं.

"मीच. घर समोर, जेवायला घरी जायचे. हुक रिकामाच, नेला काढून. कपड्यांची दोरी बांधलीय त्याला."

मेहुण्याला इतका आनंद झाला की त्याने मावशींचे हात साबणासकट धरले. मग तडक मालकाला गाठून सगळं सांगितलं.

मालकाचं तोंड उतरलं. "बटणं? बटणांच्या नावाने बिअर कोण पिणार? ते फितुराचंच छान आहे."

उद्घाटनाच्या दिवशी पितळी पाटी लागली: 'फितूर नऊ नंबर इथेच संपला.' खाली इतिहाससंशोधक म्हणून भाऊजींचं नाव. बहिणीने ती दोनदा वाचली आणि प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं. खोली भाऊजींकडेच राहिली, वर त्यांना आता दुकानाची पुढची काचही जाहिरातीसाठी हवी होती. मेहुण्याला रडू येईल इतका राग आला.

तो मोरीपाशी गेला. "मावशी, निदान तुम्ही तरी चार लोकांना खरं सांगा."

"कशी सांगू?" त्यांनी पुढचा ग्लास उचलला. "मालकांनी बजावलंय, गिऱ्हाइकांसमोर जिवंत असल्याचं बोललात, तर उद्यापासून येऊ नका."