धूळ ओढायचं जुनं यंत्र

सिद्धलिंगाने किराणा दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि मोमिनाबादेहून बैलगाडीत घालून एक यंत्र धारूरला आणलं. त्याची बायको जगदेवी दारातच आडवी उभी राहिली. लाकडी खोकं, त्यावर चामड्याचा भाता, बाजूला दांडा आणि पुढे सोंडेसारखी लांब नळी.

"हे काय आणलंत?"

"धूळ वढायचं यंत्र हाय. दांडा हालवला की गालिच्यातली धूळ नळीतून सरळ पोटात. छावणीतल्या साहेबाचं हाय."

"चामडं घरात येणार न्हाई."

"पडवीत ठिवतो."

"आन् धारूरात गालिचे किती हायेत, वो?"

या प्रश्नाचं उत्तर सिद्धलिंगाने टाळलं, कारण ते 'एक' असं होतं. धारूरात गालिचा फक्त तहसील कचेरीत होता. पण तो एकदा साफ झाला, की आष्टीची कचेरी बोलावील, मग बीडची, असा त्याचा हिशेब होता. भावाशी बोली मात्र कडक झाली होती: धंदा बसला नाही, तर थोरल्याने दुकानात परत यायचं, पण गादीवर धाकटा बसेल आणि थोरला पुड्या बांधील.

यंत्र विकणाऱ्या आश्रुबाने योगेश्वरीची आण घेतली होती. "छावणी उठली, साहेब गेला, त्याला आठ सालं झाली. तवापास्नं याला कुणी बोट लावलं न्हाई, मालक. लेकरावाणी जपलंय."

जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या तालुकदारसाहेबांचा दौरा गुरुवारी होता, म्हणून तहसीलदारांनी सिद्धलिंगाला गुरुवारी सकाळीच बोलावलं आणि स्वतः साहेबांना सामोरे जायला घोड्यावर बसून निघून गेले. कचेरीत राहिले लोकांचे अर्ज सांभाळणारे पेशकार मोहनराव. पांढराशुभ्र अंगरखा, कानाला अत्तराचा फाया. ते म्हणाले, "गालिचा उचलायचा नाही. नऊ वर्षांत उचललेला नाही. सरकारी यादीतला माल आहे, उचलायचा तर बीडहून मंजुरी लागते."

"उचलायचं कामच न्हाई, सरकार. वरच्यावर साफ."

"मग हरकत नाही," मोहनराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. तो का पडला, हे पुढे साऱ्या गावाला कळलं.

सिद्धलिंगाने नळी धरली. दांड्यावर चपराशी. पहिला दांडा खाली गेला, आणि नळीतून ओंजळभर कोळशाची भुकटी निघून पेशकारांच्या अंगरख्यावर बसली.

"हे वढतंय का थुंकतंय, बे?" चपराशाने विचारलं.

सिद्धलिंगाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेब गेल्यावर हे यंत्र आठ वर्षं कुणा लोहाराच्या भट्टीवर राबलं होतं, आणि त्या लोहाराने आतली झडप उलटी बसवून घेतली होती. ज्याला लोखंड तापवायचं, तो धूळ ओढून काय करील? लोहाराचं काहीच चुकलं नव्हतं. चुकली होती ती योगेश्वरीची आण.

"बंद करा!" मोहनराव ओरडले.

पण चपराशाला उभ्या नोकरीत पहिल्यांदाच मनाजोगतं काम मिळालं होतं. तो जोरात दांडा हाणत होता. सिद्धलिंगाच्या हातून नळी निसटली आणि तिचं तोंड गालिच्याच्या काठाखाली शिरलं. गालिचा गाभण म्हशीच्या पोटासारखा फुगला. आणि पलीकडच्या काठाखालून कागद निघाले. आधी एक, मग पाच, मग थवाच. पिवळे पडलेले, सरकारी तिकिटं लावलेले कागद दारातून उडत थेट अंगणात, जिथे साहेबांच्या वाटेकडे डोळे लावून पन्नास माणसं बसली होती.

त्यातल्या भामाबाईने एक कागद हवेतच धरला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण अंगठा ओळखता येत होता. "ह्यो माजा बांधाचा अर्ज हाय. हे बगा, इळा लागल्याला वण. तीन सालं झाली, पेशकार म्हनतेत वर गेलाय."

"वर न्हाई, मावशी," शेजारचा म्हणाला, "खाली गेलता."

नेमकी याच वेळी साहेबांची स्वारी अंगणात उतरली. मोहनराव काळ्या अंगरख्यानिशी पुढे झाले. माणूस कसलेला. त्यांनी लवून सलाम केला.

"हुजूर, हे यंत्र जुनं आहे. मोमिनाबादेचा माल. कागद त्याच्या पोटातच होते."

सिद्धलिंग संतापाने पुढे सरसावला. "धारूरच्या बाईचा अंगठा मोमिनाबादच्या साहेबाच्या यंत्रात कसा गेला, सरकार?"

"तेच तर म्हणतो," मोहनराव शांतपणे म्हणाले. "जुना माल घेताना आत काय आहे ते बघून घ्यावं."

साहेबांना उन्हाचा ताप झाला होता आणि आत जेवण निवत होतं. त्यांनी हुकूम लिहून दिला. माल घेणाऱ्याने मालाच्या पोटातलंही घेतलं, असं समजावं. सबब, सदर तीनशे बारा अर्ज यंत्राच्या मालकाचे असून त्यांचा निकाल त्यानेच लावावा. कचेरीत एकही अर्ज पडून नाही, ही समाधानाची बाब आहे. खाली सही, शिक्का.

पोत्यात भरलेले अर्ज आणि यंत्र एकाच गाडीतून घरी आले.

"धूळ वढाया गेलता," जगदेवी म्हणाली, "आन् हे काय वढून आणलंत?"

सिद्धलिंग रात्रभर तळमळला. आश्रुबाला काय काय बोलायचं, ते त्याने तोंडपाठ केलं. सकाळी गाडी जुंपायला दार उघडलं, तर पडवीपासून वेशीपर्यंत रांग. पुढे भामाबाई, हातात नवा कोरा कागद. चौथ्या नंबरावर त्याचा धाकटा भाऊ, मान खाली घालून.

"तू कावून आलास, बे?"

"अण्णा, आपल्या दुकानाचा परवाना सहा सालापास्नं अडकलाय. आन् पुड्यांचं मी काय मनापास्नं बोललो न्हवतो."

सिद्धलिंगाचा तोल गेला. "अरे, मी गालिचे साफ करतो! यंत्र फसवून इकलंय मला! वढत न्हाई ते, नुस्तं फुकतंय. तुमाला कळत कसं न्हाई?"

रांगेतून कुणी हललं नाही. भामाबाईने आपला कागद नीट घडी करून यंत्राच्या खोक्यावर ठेवला आणि वर एक खडा ठेवला.

"वढणारी कचेरी हायच की, बाबा," ती म्हणाली. "आमाला फुकणारंच पायजे."