संघाच्या गिटारची दुरुस्ती

रत्नदीपने गंजलेल्या तारा काढून गिटार पालथी केली, तेव्हा तिच्या पोटातून एक मेलेलं झुरळ आणि चॉकलेटचा कागद बाहेर पडला. झुरळ त्याने केरात टाकलं. कागद मात्र आईने, विठाबाईने, त्याच्या हातातून काढून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

गिटार संघपालची, म्हणजे संघाची. रत्नदीपचा हा धाकटा भाऊ गेल्या वर्षी तापाने चार दिवसांत गेला. रविवारी त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. वर्षभरात आईने एकच गोष्ट मागितली होती.

"त्या दिवशी तेची गिटार वाजू दे. लई काय नको मला."

वाजवायला संघाचा मित्र नवनाथ कुंभारीहून येणार होता. पण गिटारची मान वाकली होती, तारा पट्टीपासून करंगळीभर वर गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "पुण्याला पाठवावी लागंल. पंधरा दिवस." तो दिवस गुरुवार होता.

मग रत्नदीपने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस मानेतल्या सळीचा स्क्रू पाव फेरा पिळायचा आणि हसायचा. रत्नदीपने पाव फेरा पिळला. काहीच झालं नाही, म्हणून दीड पिळला. आता मान उलट्या बाजूला वाकली आणि नव्या तारा पट्टीला घासून खर्रर्र करू लागल्या. तारा उचलण्यासाठी त्याने खालच्या टोकाची, तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी काढली, ती बोटांतच मोडली. तिच्या जागी त्याने टूथब्रशची दांडी कापून बसवली.

"कुणाचा ब्रश?" विठाबाईने विचारलं.

"माझाच."

"मग बरं."

शुक्रवारी त्याने तारा ताणल्या आणि ज्या लाकडी तुकड्याला त्या अडकतात, तो तुकडाच पोटापासून सुटला. त्याने गोंद लावला. गोंद लवकर वाळावा म्हणून आईने उपाय सुचवला.

"पत्र्यावर ठीव की. पापड वाळतंय तितं, गोंद वाळंना व्हय?"

सोलापूरच्या उन्हाने तासाभरात नवा गोंद वाळायच्या आधी जुनाही वितळवला. तुकडा दोन बोटं सरकला. रत्नदीपने तो परत जागेवर आणला आणि हलू नये म्हणून वर पाटा ठेवला. पाट्याखाली गिटारला तडा गेला. शनिवारी त्याने दोन स्क्रू घेतले आणि आरपार पिळून तुकडा बसवला. दुसरा स्क्रू पिळताना त्याला आठवलं: संघा होता तोवर 'बाहेर जाऊन वाजव' याखेरीज या गिटारबद्दल आपण कधी काही बोललोच नव्हतो.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली. फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. नवनाथने गिटार मांडीवर घेतली, एकदा हात फिरवला आणि रत्नदीपकडे वाकला.

"काय केलास बे हे? डबा वाजायलाय नुसता."

"वाजव. आई बघायलीय."

नवनाथ वाजवू लागला. खर्रर्र. पांढऱ्या कपड्यांतली माणसं माना खाली घालून बसली. रत्नदीपला वाटलं, फरशी फाटावी. दुसरं कडवं सुरू झालं आणि शेजारच्या भिंतीवर धाडधाड थापा पडल्या.

"ए संघा! बंद कर की रे! डोकं उठवलास!"

नवनाथचा हात जागीच थांबला.

भिंतीपलीकडे राजेश्वरी राहायची. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून ती सकाळी झोपायची आणि सहा वर्षं संघाला अशीच थापा मारून शिव्या घालायची. आजही ती झोपेतच होती. आता जाग आली. कडी वाजली, आणि मोकळ्या केसांनिशी, तोंडावर हात दाबून ती दारात उभी राहिली.

"मावशी, चुकलं माझं... ध्यानातच नाही आलं, की तो..."

विठाबाई उठली. रत्नदीपही घाबरून उठला. पण तिने राजेश्वरीचा हात धरला, तिला ओढून आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. वर्षभर कोरडे असलेले तिचे डोळे वाहत होते, आणि ओठ मात्र हसत होते.

"आवाज तसाच हाय की गं," ती म्हणाली. मग नवनाथकडे वळली. "आन् तू का थांबलास रं? ही वरडल्यावर तेनं थांबवलंय का कवा?"