पॅनेलवरच्या कुरड्या

मी कोणावर जळणारा माणूस नाही! अख्ख्या देवळीत कोणालाही विचारा. फक्त शेजारच्या पुंडलिकरावांना विचारू नका.

त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं आणि माझी झोप उडाली. रोज पानठेल्यावर मोबाइल नाचवायचे. "महादेवराव, आज बी घरचं भागवून वीज सरकारले देल्ली!"

मग मीही बसवलं. त्यांच्या दुप्पट! गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"आता पाह्यजो पुंडलिकरावचं तोंड!" मी बायकोला म्हणालो.

"ते पाहीन. पण मी वाळवण कुठं घालू?" नलू म्हणाली.

जगाचं हवामान सुधारायला निघालेला माणूस कुरड्यांचा विचार करतो का? मी सरळ माझ्या दुकानात, कृषी केंद्रात निघून गेलो.

पहिले काही दिवस झकास गेले. मग मोबाइलवरचा माझा विजेचा आकडा घसरला. बाहेर मे महिन्याचं ऊन, रस्त्याचं डांबर पातळ होतंय, आणि माझा मोबाइल सांगतो, वीज जेमतेम! पुंडलिकरावांचा आकडा मात्र रोज वर.

"तो माह्या वाट्याचं ऊन ओढून राह्यला!" मी घरी ओरडलो.

"ऊन का विहिरीचं पाणी हाये?" नलू म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "पॅनेलवर सावली पडते काय?"

"सावली? देवळीत? मे महिन्यात?" मी फोन आपटला. संध्याकाळी वर जाऊन पाहिलं तर पॅनेल लख्ख!

अशात बातमी आली. ऊर्जा खात्याचे साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन देवळीतलं एक सोलरवालं घर पाहायला येणार होते. नाव ठरलं होतं पुंडलिकरावांचं! मी धावत जाऊन साहेबांना गाठलं. "साहेब, माझं दुप्पट आहे!" आणि पाहुणे माझ्याकडे वळवले.

ठरल्या दिवशी भर दुपारी जिना चढताना साहेब समजावत होते, "जगभर उन्हाची वीज वाढते आहे. पण मिळते दुपारी आणि लागते रात्री. साठवायची कशी, यावर सगळे देश डोकं खाजवताहेत."

मी ऐटीत गच्चीचं दार उघडलं.

सगळ्या पॅनेलांवर लुगडी अंथरलेली! त्यांवर कुरड्याच कुरड्या! आणि मधे पुंडलिकरावांच्या मंदाबाई!

"वहिनी! तुमी इथं काऊन?"

"आमचे हे त्याईच्या पॅनेलले हात नाई लावू देत, भाऊजी. आकडा पडते म्हणे. मंग नलू म्हणाली, आमच्या इथं लय जागा हाये!"

मी नलूकडे पाहिलं. ती कुरड्या उलटवत होती. "तुमी दुकानातून यायच्या आत उचलून घेतो आमी," ती म्हणाली.

म्हणजे माझं ऊन खरंच पुंडलिकरावांच्या घरी जात होतं!

तेवढ्यात एका पाहुण्यानं कुरडई तोडून तोंडात टाकली आणि साहेब टाळी वाजवून म्हणाले, "हे पाहा! दुपारचं ऊन, वर्षभर डब्यात साठवलेलं!" लगेच फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आधी ठरलेल्या नावानंच छापून आलं, 'पुंडलिकरावांच्या घरी सौर साठवणुकीचा अनोखा प्रयोग.' मधोमध मंदाबाई. मीही आहे फोटोत. कोपऱ्यात, वाऱ्यानं लुगडं उडू नये म्हणून टोक धरून उभा!

संध्याकाळी पुंडलिकरावांनी तळलेल्या कुरड्यांचं ताट पाठवलं. मी रागानं एक तोडली. मग दुसरी. मेल्या इतक्या खुसखुशीत झाल्या होत्या, की मी आणखीच जळलो!