देवमनरावांची दुसरी चाबी

भर दुपारी तोंडावर ओढणी घेऊन कूलरसमोर झोपलेल्या रागिणीला वाटलं, कुणीतरी आपला पलंग मोजतंय. तिनं ओढणी सारली. टेप घेऊन एक गृहस्थ खरोखरच पायथ्याशी वाकले होते. मागे घरमालक देवमनराव, दलाल अंकुर आणि एक वयस्कर बाई.

"ही बेडरूम," अंकुर दबक्या आवाजात सांगत होता. "ताई किती गाढ झोपल्या हायेत पाहा. त्याच्यावरूनच समजा हवा कशी येते ते!"

रागिणी ताडकन उठली. अकोल्यातल्या एका दवाखान्यात ती नर्स होती. रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दुपारभर झोपायची.

"आत कसे आले तुमी?"

"चाबीनं," देवमनराव शांतपणे म्हणाले. "दुसरी माह्याजवळच असते. घर विकून राहिलो न मी."

"विका न! संगं मलेबी विकून राहिले का? निघा आधी!"

वयस्कर बाई मान खाली घालून सगळ्यांत आधी बाहेर पडली.

संध्याकाळी रागिणी तडक देवमनरावांच्या घरी गेली.

"माह्याच घरात जाले मले इजाजत कायले पायजे?" त्यांनी विचारलं.

"घर तुमचं, पण झोप माही हाये. भाडं देऊन राहतो आमी. येण्याच्या आधी फोन करत जा."

"बराबर बोलते ते," आतून त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी सुनावलं. तेव्हा कुठे देवमनराव कबूल झाले.

तिसऱ्या दिवशी रागिणी न्हाऊन केस पुसत होती. फोन वाजला.

"ताई, देवमनराव बोलतो. गिऱ्हाईक घेऊन येऊन राहिलो."

"केव्हा?"

"आलो न. किचनमधी हावो." आवाज फोनातूनही आला आणि भिंतीपलीकडूनही.

रागिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकासकट देवमनरावांना तिनं बाहेर काढलं आणि त्याच दिवशी सुतार बोलावून दाराला आतून जाड कडी बसवून घेतली. पुढच्या खेपेला देवमनराव अर्धा तास उन्हात चाबी फिरवत बसले.

"पयल्या तारखेले घर खाली करा!" ते बाहेरून ओरडले.

"करार दिवाळीपर्यंत हाये!" ती आतून ओरडली. पण दिवाळीनंतर काय, हा प्रश्न होताच. रात्रपाळीच्या बाईला दवाखान्याजवळ दुसरं घर मिळणं सोपं नव्हतं.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात ती वयस्कर बाई एकटीच, हातात आंब्यांची पिशवी.

"मी खुर्शीदबी. अमरावतीहून आली. त्या दिवशी तू झोपेल होती अन् आमी घुसलो, बेटी. लय शरम वाटली. आज इजाजत असंल त घर पाहू का?"

इतके दिवस हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. रागिणीनं तिला चहा दिला, घर दाखवलं आणि दाखवता दाखवता मनातला सगळा संताप ओकून टाकला. पावसाळ्यात गच्ची गळते, बोअरले एप्रिलमधीच पाणी नसते, मोरीची भिंत ओल धरते, काहीच सोडलं नाही. आता हे घर कोण घेतंय, या समाधानात ती त्या दिवशी छान झोपली.

आठ दिवसांत खुर्शीदबीनं घर घेतलं. ती संपूर्ण यादी देवमनरावांसमोर वाचून, चांगला दोन लाखांनी भाव पाडून.

"मले भाडेकरू हीच पायजे," तिनं अंकुरला बजावलं. "घराचं खरं सांगणारी दुसरी कुठं भेटते?" मग देवमनरावांकडून दुसरी चाबी मागून घेतली आणि रागिणीच्या हातात ठेवली. "दोनीबी तुह्याजवळ ठेव. मी इचारल्याबिगर पाय टाकणार नाही."

शब्दाची पक्की बाई. पुढच्याच सोमवारी भर दुपारी बाराला फोन वाजला.

"बेटी, झोपली होती का?"

"हो..."

"झोप, झोप. मी येऊन नाही राहिली. गुरुवारी येऊ का, तेवढंच इचारलं. उद्या अजून एकडाव इचारतो."